सुभद्रा सिस्टरचा राग

सुभद्रा सिस्टर माझ्याशी बोलल्या ते पहिलं वाक्य होतं, "मारायचंय का तिला?"

नमस्कार नाही, "आत येऊ का" नाही. आम्ही सिडकोत भाड्यानं राहायला येऊन महिनाच झाला होता. शेजारच्या घरात एक निवृत्त नर्सबाई एकट्या राहतात आणि सगळी गल्ली त्यांना टरकून असते, एवढंच ऐकून होतो. त्या दिवशी नळाला पाणी आलं होतं. आमच्या शहरात नळाला पाणी येणं म्हणजे सण, आणि टाकी भरून वाहू देणं म्हणजे गुन्हा. तो गुन्हा मी करत होतो, कारण मी नवा कूलर लावण्यात गुंतलो होतो. सिस्टर भांडायलाच आल्या होत्या. पण दारातून त्यांना पलंगावर बसलेली माझी बायको वैशाली दिसली. पाचवा महिना, केस कपाळाला चिकटलेले, तोंड लालबुंद. टाकीचं भांडण सिस्टर विसरल्या आणि ते वाक्य माझ्या अंगावर आलं.

खोलीतल्या भिंतींना घाम फुटला होता. कूलर पलंगाच्या पायथ्याशी, खिडक्या बंद, आणि दाराच्या फटीत मी टॉवेल कोंबला होता.

"खिडक्या कामून लावल्या?"

"गारवा बाहेर जाऊ नये म्हणून."

"गारवा काय कोंबडी हाय का, कोंडून ठेवायला?" त्यांनी धाडधाड खिडक्या उघडल्या, कूलर स्वतः ओढत खिडकीपाशी नेला आणि त्याचं तोंड आत वळवलं. "त्याला भाहेरची हवा लागती. आतलीच वल्ली हवा फिरवायले. काय करता तुम्ही?"

"कॉलेजात शिकवतो. भौतिकशास्त्र."

सिस्टरनी माझ्याकडं पाहिलं, कूलरकडं पाहिलं. "पोरं पास व्हतात?"

होतात. अकरावीला बाष्पीभवन मीच शिकवतो.

त्या दिवसापासून सिस्टरनी वैशालीचा उन्हाळा ताब्यात घेतला. रोज दोनदा यायच्या, चप्पल दारात भिरकावायच्या आणि आल्याआल्या विचारायच्या, "पोरी, लघवी कशी व्हायली? पिवळी का पांढरी?" हे आम्हाला भेटायला आलेल्या माझ्या वडिलांसमोरसुद्धा. वडील पेपर तोंडासमोर धरायचे. वैशालीच्या उशाशी माठातल्या पाण्याचा तांब्या, दुपारी मीठ-साखर घातलेलं लिंबाचं पाणी, नाहीतर ज्वारीची आंबील. मानेवर ओलं फडकं, अंगात सैल सुती गाऊन, पाय उशीवर. दुपारी बारा ते चार उंबरा ओलांडायचा नाही. त्यांचं एक वाक्य मला पाठ झालं होतं : "गरवार बाईला तिनं मागायच्या आत पानी द्यायचं. तिनं मागितलं म्हंजी तुम्हाला उशीर झाला."

माझी आई लासूर स्टेशनहून आली तेव्हा दोघींची जुंपली. पाणी जास्त प्यायलं की पाय सुजतात आणि कूलरच्या वाऱ्यानं पोटातल्या बाळाला सर्दी होते, असं आईचं मत होतं.

"बाळ काय कूलरफुडं बसलंय?" सिस्टर कडाडल्या. "अन् पाय सुजले तर मला दाखवा, म्या बघते. पानी तोडू नका!"

"आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही," आई म्हणाली.

"तुमच्या येळी किती बाया मेल्या, त्यांची नावं सांगू?"

आई आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही. मी मध्ये पडलो नाही. माझा तो स्वभाव आहे. कुणाला वाईट वाटू नये म्हणून मी गप्प बसतो आणि त्याला समंजसपणा म्हणतो.

याच समंजसपणानं मी माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा गाढवपणा केला. आईनं सातव्या महिन्यात डोहाळजेवण ठरवलं. मे महिना. लासूरच्या पाहुण्यांना संध्याकाळच्या गाडीनं परतायचं होतं, म्हणून वेळ दुपारी बाराची. जागा घरात पुरेना, म्हणून गच्चीवर, पत्र्याच्या शेडखाली. ही गच्चीची कल्पना माझी. वैशाली म्हणाली, "संध्याकाळी घेऊ या ना." मी म्हणालो, "तासाभराचा तर प्रश्न आहे." सिस्टर आदल्या दिवशीच बहिणीकडं पिशोरला गेल्या होत्या, आणि खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं होतं.

वैशालीला हिरवी जरीची साडी नेसवली. डोक्यावर, दंडावर, कमरेला फुलांचे दागिने. हातात धनुष्यबाण देऊन तिला झोपाळ्यावर बसवलं. त्या साडीत जिना उतरून बाथरूमला जाणं नको, म्हणून तिनं सकाळपासून घोटभरही पाणी घेतलं नव्हतं. मी टेबलफॅन आणला. तो पत्र्याखालची भट्टी तिच्याच तोंडावर मारू लागला. बायका गाणी म्हणत होत्या. ओटीची रांग लागली होती. वैशालीनं मला खुणेनं बोलावलं. "डोकं लई दुखतंय. खाली जाऊ का?"

मी म्हणालो, "दहाच मिनिटं."

थोड्या वेळानं तिनं पुन्हा बोलावलं. "बाळ सकाळपासून हललं नाही हो."

आणि मी, एम.एस्सी. झालेला माणूस, म्हणालो, "एवढा एक फोटो. जरा हस."

हे लिहितानासुद्धा माझ्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

जिन्यात चपलांचा आवाज झाला. सिस्टर सकाळच्याच गाडीनं परत आल्या होत्या. त्या गच्चीत आल्या, कुणाकडं न बघता थेट झोपाळ्यापाशी गेल्या आणि वैशालीच्या मानेला हात लावला.

"बंद करा!"

गाणं अर्ध्यावर तुटलं. सिस्टरनी फुलांचे दागिने ओरबाडून काढले, धनुष्यबाण माझ्या अंगावर फेकला. आई पुढं झाली, "अहो, शुभकार्यात असला अपशकुन..."

"आजी व्हायचंय का निस्ते फोटो लावायचेत भिंतीवर?"

दोन बायकांनी धरून वैशालीला खाली आणलं. साडी फेडली, ओली चादर गुंडाळली, सिस्टर चमच्याचमच्यानं पाणी पाजत राहिल्या. पोट दगडासारखं कडक होत होतं. मी रिक्षा आणली. त्यांनी वैशालीला कुशीवर घेतलं आणि दवाखान्यापर्यंत रिक्षावाल्यालाही शिव्या दिल्या.

डॉक्टरांच्या यंत्रातून बाळाचे ठोके ऐकू आले तेव्हा मी भिंतीला टेकून खाली बसलो. सिस्टर समोर उभ्या राहिल्या.

"तिनं सांगितलं व्हतं का नाय?"

"सांगितलं होतं."

"किती येळा?"

"तीन."

"मंग तिला काय नाय झालं, सर. तुम्ही बहिरे झालात. त्याला सलाईन नसती."

जुलैत मुलगी झाली. मी बर्फी घेऊन सिस्टरकडं गेलो. त्यांनी डबा घेतला, "पोरीला गुंडाळून ठेवू नका, उकडतं," असं बजावलं. जरा बऱ्या मनःस्थितीत दिसल्या म्हणून मी धीर केला. "सिस्टर, एवढं चिडता कशाला? गोड बोलूनही सांगता आलं असतं की."

त्यांनी डबा उघडून बर्फीकडं पाहिलं. मग बोलल्या त्या आवाजात राग नव्हता, त्यामुळं मला जास्त भीती वाटली.

"नवी नोकरी व्हती. पिशोरच्या पलीकडं एका खेड्यात. ज्यांच्या घरी भाड्यानं राहायचे, त्यांचीच सून. आठवा महिना. मे महिन्यात पन्नास माणसांचा पुरणाचा सैपाक, अन् ती चुलीफुडं. म्या सासूला म्हनलं, मामी, जरा बसू द्या की तिला. लई गोड बोलले. मामी म्हनल्या, व्हय व्हय, तुम्ही चहा घ्या. म्या चहा घेतला."

त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

"सांजच्याला बैलगाडीत घातली तिला. ती अन् पोटातलं, दोघंबी गेले. म्या चहा घेतला, सर."

सिस्टर मागच्या हिवाळ्यात गेल्या. दवाखान्यात शेवटच्या दिवसापर्यंत तिथल्या पोरींवर ओरडत होत्या, म्हणे. आई लासूरहून आली आणि सगळ्यांत मोठ्यानं तीच रडली.

या एप्रिलमध्ये आमच्या कॉलेजात परीक्षा होत्या. आमच्याच विभागातल्या एका मॅडमना सातवा महिना, आणि पर्यवेक्षणाची जागा तिसऱ्या मजल्यावर, गच्चीखाली. पंखा बंद, तीन तास उभं राहायचं. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या सर, चालतंय." तोंड लालबुंद झालं होतं. मी प्राचार्यांच्या खोलीत शिरलो आणि माझा आवाज असा काही चढला, की बाहेरचा शिपाई आत डोकावला. मध्येच आवाज चिरकलाही. ओरडण्याची सवय नाही मला.

"अहो सर, बसा," प्राचार्य म्हणाले. "शांतपणे सांगा ना."

मी शांतपणे सांगितलं नाही.