पापड झालेला पडदा

मुरबाडच्या आमच्या कारखान्यात नळांना निकेलचा मुलामा देतात. धुवणाचं पाणी एका पातळ प्लॅस्टिकच्या पडद्यावरून सोडतात. पडद्यात मुरलेलं तेल पाण्यातलं निकेल ओढून घेतं आणि उरलेलं पाणी नाल्याला जातं.

या पडद्यांच्या कामावर एक काका आहेत. दर सोमवारी ते पडदा बाहेर काढतात आणि कानाजवळ नेऊन हळूच हलवतात. नवा पडदा ओल्या फडक्यासारखा गप्प असतो. तेल झिरपून गेलं, की तो ताठ होतो आणि वाजायला लागतो. मग काका म्हणतात, "मॅडम, पापड झाला." बोलताना ते माझ्याकडे नाही, नाल्याकडे बघतात.

मी तिथं पाणी तपासते. गेल्या सोमवारी निकेलचा आकडा मर्यादेत आला होता. काकांनी पडदा माझ्या कानाशी धरला. तो खरंच वाजला.

"पण काका, पाणी पास आहे."

"आज पास हाय. उद्याचं कोन सांगनार?"

नवे पडदे आलेले नव्हते. मी अहवालावर सही केली.

मंगळवारी त्यांनी माझ्या टेबलावर एक बाटली ठेवली. एरवी ते बाटलीवर टाकीचा नंबर ठळक लिहितात. हिच्यावर काहीच नव्हतं.

"कुठलं पाणी?"

"आमच्या विहिरीचं. नाल्याच्या अंगालाच हाय." पहिल्यांदाच ते माझ्याकडे बघत होते. "घाई नाय, मॅडम."

तपासायला अर्धा तासही लागत नाही. आज शुक्रवार आहे. काका रोज दारातून डोकावतात, बाटली तशीच भरलेली बघतात आणि काही न विचारता पडद्यांकडे जातात.