पत्र्यांचं ऑडिट

मी पेणला जुन्या सामानाचा धंदा करतो. हातगाडीपासून इथवर आलो तो घासाघीस करूनच, आणि त्याची मला लाज नाही. जिते स्टेशनाजवळच्या आमच्या गावच्या शाळेत माझी मुलगी शिकते, म्हणून पालकांनी मला शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष केलं. खरं कारण वेगळं होतं. शाळेचं छप्पर गळत होतं, अनुदान तुटपुंजं होतं आणि कमी पैशात पत्रे आणणारा माणूस गावाला हवा होता.

गणपती रवाना झाले की हमरापूर-जोह्याचे मूर्तींचे कारखाने आपले जादा मांडव उतरवतात. तेव्हा चांगले पत्रे निम्म्या भावात मिळतात. व्यवहार सगळा तोंडी. कागद मागितला की समोरचा विचारतो, विश्वास नाय का? मी जोह्यात दारोदार फिरलो, भाव पाडला आणि खोल्यांना पुरून व्हरांड्याला उरतील एवढे पत्रे आणले. मुख्याध्यापिका बाईंनी हट्ट धरला म्हणून कारखानदाराने वहीचं पान फाडून त्यावर पावती लिहून दिली, तीही तोंड वाकडं करून. पुढच्या पावसाळ्यात मुलं कोरड्या जमिनीवर बसली.

मग ऑडिट आलं. आलं म्हणजे आमच्याकडे नाही. बाहेरची स्वतंत्र कंपनी नेमली होती आणि तिने पेण-रोह्याच्या शाळांना फायली घेऊन रोह्याला एका सभागृहात बोलावलं होतं. बाईंची निवृत्ती तोंडावर आलेली. आक्षेप निघाला तर वसुली त्यांच्याकडून, आणि ती भरेपर्यंत पेन्शनचे कागद अडकणार. म्हणून मीही त्यांच्याबरोबर जित्याहून गाडीत बसलो.

लेखापरीक्षक तरुण होता. आमची पावती त्याने ओल्या फडक्यासारखी दोन बोटांत धरली आणि तीन दुकानांची दरपत्रकं कुठे आहेत म्हणून विचारलं.

"साहेब, तीन काय घेऊन बसलात, अख्खं जोहे पालथं घातलंय. याहून स्वस्त कुणी आणून दाखवावेत."

"स्वस्त आहेत तेच तर खटकतंय," तो म्हणाला.

"मग चला बघायला. गाडीचं तिकीट माझ्याकडून."

"शाळा बघणं आमच्या कामात येत नाही."

माझा आवाज चढला तशी बाईंनी माझी बाही ओढली. शेजारच्या टेबलावर एका गुरुजींची फाईल तेवढ्यात पास झाली. तीन दरपत्रकं, तीन शिक्के, पक्कं बिल. बाहेर चहा पिताना ते हसत सांगत होते, रोह्यातच एक दुकानदार तिन्ही कागद एकत्र करून देतो, फक्त बिल जरा फुगवतो. त्यांच्या वर्गात अजून बादल्या ठेवाव्या लागतात, तेही त्यांनी हसतच सांगितलं. वर मला टोमणा, "अध्यक्ष, तुम्ही धंद्यातले ना? एवढं नाय कळलं?"

मी त्या दुकानाकडे जायला उठलोच. बाईंचं पेन्शन अडकण्यापेक्षा खोटं बिल परवडलं असतं मला, आणि तेही मी घासूनच घेतलं असतं.

बाई म्हणाल्या, "त्या बिलावर सही माझी होणार, भाऊ. तुमची नाही."

आक्षेप लागला. आम्ही छपराचे फोटो पाठवले, ग्रामसभेचा ठराव पाठवला, कारखानदाराचा जबाब जोडला. उत्तर दरवेळी एकच: दरपत्रकं सादर करावीत. जी कधी नव्हतीच ती कुठून सादर करणार? शेवटी बाईंनी वसुलीची रक्कम स्वतःच्या खिशातून भरली आणि निवृत्त झाल्या. मला सांगितलंसुद्धा नाही. तालुक्याच्या कार्यालयातल्या कारकुनाकडून कळलं.

मी त्याच दिवशी पैसे घेऊन त्यांच्या घरी गेलो. घेईनात. निम्मे तरी घ्या म्हटलं, मग पाव तरी. उभ्या आयुष्यात असा उलटा भाव मी कुणाशी केला नव्हता.

"पत्रे गळतात का?" त्यांनी विचारलं.

"नाय."

"मग मिटलं तर. बसा, चहा टाकते."

त्यांच्यापुरतं मिटलं असेल. माझं मिटलेलं नाही. जो छप्पर घालतो त्याच्याकडून वसुली, आणि जो बादल्या मांडतो त्याची फाईल स्वच्छ. ऑडिट करणाऱ्याने आधी भर पावसात वर्गात येऊन बसावं आणि मग फाईल उघडावी, असा ठराव मी समितीच्या प्रत्येक सभेत मांडतो. तो एकमताने मंजूर होतो आणि वर जातो. वरून अजून कुणी एक ओळ कळवलेली नाही.