पोर्तुगालच्या बजेटात बसणारी गाडी

चित्रलेखा माझी भावजय, माझ्या धाकट्या भावाची, राजीवची बायको. ऑस्ट्रेलियातल्या डँडेनॉन्गमध्ये आमच्यापासून तीन रस्ते पलीकडे राहते, तयार जेवणाची पाकिटं भरणाऱ्या कारखान्यात सुपरवायझर आहे, आणि एकदा डोक्यात काही घेतलं की ब्रह्मदेव आला तरी ऐकायची नाही. मी तिची नणंद आहे, त्यामुळे हे मी अनुभवाने सांगते.

पोर्तुगालचं खूळ मात्र मूळचं राजूचं. आम्ही रेवदंड्याचे. पोर्तुगीजांच्या पडक्या तटाखाली क्रिकेट खेळत हा मोठा झाला. दोनशे वर्षं ते आमच्या गावात राहून गेले, आता आपण पंधरा दिवस त्यांच्याकडे राहून येऊ, असं दर दिवाळीला फराळ करताना बडबडायचा. २०१९ साली नवराबायकोने ते मनावर घेतलं. आपल्या लोकांचा युरोप म्हणजे टूर कंपनी, बस, पुढे झेंडा धरून चालणारा गाइड आणि रात्री पोळी-भाजी. पण टूरच्या बसला राजूला बघायचे होते ते आडगावचे किल्ले माहीत नव्हते, आणि भाव ऐकून दोघांनी हातच जोडले. मग ठरलं की भाड्याची गाडी घ्यायची आणि आपलं आपण फिरायचं.

खर्च मांडायला बसले की यांची भांडणं माझ्या घरापर्यंत ऐकू यायची बाकी होती. राजू आधी युरोचे डॉलर करायचा, मग डॉलरचे रुपये, आणि रुपयांतला आकडा बघून त्याला घाम फुटायचा. सोळा वर्षं डॉलरमध्ये पगार घेतोय, पण कॉफीसुद्धा रुपयांत पितो मेला. शेवटी चित्राने नियम केला, हिशोब डॉलरवर थांबेल. राहायचं तिथे स्वयंपाकघर हवं. तांदूळ, मूगडाळ, गोडा मसाला आणि छोटा कुकर बरोबर. दुपारी मात्र बाहेर मासे खायचे, त्यात काटकसर नाही, कारण राजू मासे सोडून किल्ल्यांवर जगणारा माणूस नव्हे. मोठ्या रस्त्यांवर टोल फार, म्हणून गावांमधून जाणारे रस्ते. गाडी साधी, गिअरची. तिकडे ऑटोमॅटिक जवळजवळ दुप्पट भाड्याने मिळते आणि राजू तर जन्मभर गिअरची व्हॅन चालवत लोकांचे एसी दुरुस्त करत आलेला. २०२०च्या मे महिन्याची तिकिटं काढली.

पुढे काय झालं ते सगळ्या जगाला माहीत आहे. विमानं बंद, देशाची दारं बंद. तिकिटाचे पैसे एअरलाइनने क्रेडिट म्हणून ठेवून घेतले. आम्ही म्हटलं, ठीक आहे, पुढच्या वर्षी.

आणि त्याच हिवाळ्यात, म्हणजे इकडच्या जून-जुलैत, राजूने व्हॅन डाव्या बाजूने एका खांबाला घासली. महिन्याभरात पुन्हा घासली. मी त्याला चांगलं झापलं, लक्ष कुठे असतं म्हणून. मग डोळे तपासले तर काचबिंदू निघाला. बाजूचं दिसणं बरंचसं गेलं होतं, समोरचं शिल्लक होतं. गेलेलं परत येणार नाही, थेंब घालून राहिलेलं टिकवायचं, किती टिकेल ते आज सांगता येत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ड्रायव्हिंग मात्र त्या दिवसापासून बंद. कंपनीने त्याला फोनवर बसवलं, तेही अर्धा वेळ, अर्ध्या पगारावर.

राजूने घरी येऊन व्हॅनची किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हणाला, पोर्तुगाल रद्द.

 दुसऱ्या दिवशी चित्रा मला फोन करून एवढंच म्हणाली, "ताई, ज्याला बघायचंय त्याचे डोळे आहेत तोवर जायचं. मी चालवणार."

मी कपाळाला हात लावला. ही बया तोवर ऑटोमॅटिक गाडीने कारखाना आणि इंडियन दुकान याखेरीज कुठे गेली नव्हती. पण तिचा हिशोब तयार होता. पगार घटला, म्हणजे बजेट आणखी आवळायचं. ऑटोमॅटिक घेतली तर चार रात्रींचं राहणं गेलं, म्हणजे उत्तरेकडचे किल्ले गेले. किल्ले सोडायचे नाहीत, म्हणून गिअर शिकायचे. झालं.

आणि मग तिने जे केलं, ते ऐकून राजू दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. तिने स्वतःची चांगली ऑटोमॅटिक विकून टाकली. बस-ट्रेनला घाबरलेले लोक मिळेल ती गाडी उचलत होते, जुन्या गाड्यांना सोन्याचा भाव आला होता. त्या पैशांतून कोणालाच नको असलेली, रंग उडालेली एक गिअरची छोटी गाडी घेतली आणि उरलेली रक्कम पोर्तुगालच्या पेट्रोलच्या नावाने बाजूला टाकली. आता कामावर जायचं तर गिअर टाकल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

लॉकडाउन कडक होता. पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही, दुसऱ्या घरातलं माणूस गाडीत घ्यायचं नाही. पण चित्राला कामावर जायचा परवाना होता. मी पुण्यात बारा वर्षं गिअरची मारुती चालवलेली, म्हणून गुरू मीच. तिची शिफ्टला निघायची वेळ ती माझी व्यायामाची वेळ. मास्क लावून फूटपाथवर उभी राहून मी ओरडायचे, "क्लच हळू सोड गं बाई, दार आपटल्यासारखा नको." गाडी आचके देत कोपऱ्यापर्यंत जायची आणि धाप लागल्यासारखी बंद पडायची. समोरचा ऑस्ट्रेलियन म्हातारा रोज ड्राइव्हवेत कॉफी घेऊन बसायला लागला. त्या दिवसांत दुसरी करमणूक तरी काय होती म्हणा.

एकदा हायवेच्या सिग्नलला तिची गाडी चार वेळा बंद पडली. मागचे लोक हॉर्न वाजवून थकले. संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर तिचे डोळे सुजलेले दिसले. मला वाटलं, संपलं. दुसऱ्या दिवशी ती लवकर निघाली, म्हणजे बंद पडायलाही वेळ हाताशी असावा. मला तिचा फार अभिमान वाटला आणि तसं मी तिला सांगितलं नाही, उगाच शेफारली असती.

सहा महिन्यांत ती सफाईने चालवायला लागली. फक्त चढावर थांबून पुन्हा निघायचं म्हटलं की गडबडायची. राजू त्या गाडीत एकदाही बसला नाही. डॉक्टरकडे बसने जायचा, पावसातसुद्धा. तिच्या ड्रायव्हिंगला तो भीत नव्हता हे मला दिसत होतं. त्या सीटवर बसलं की आपण आता कायमचे बाजूच्या सीटवरचे, हे कबूल करावं लागणार होतं. माझाच भाऊ तो, मी त्याला ओळखते. आतल्या आत कुढत होता.

२०२१ अख्खं तसंच गेलं. देशाबाहेर पडायला परवानगी लागायची, आणि किल्ले बघायला जायचंय हे कारण कोणी मानलं नसतं. दर तपासणीला चित्रा डॉक्टरीणबाईंना एकच विचारायची, अजून किती. नोव्हेंबरात दारं उघडली. आता तिकिटाचं क्रेडिट फेब्रुवारीअखेर संपत होतं. तोवर तिकिटं नाही काढली तर पैसे बुडाले, आणि पुन्हा तेवढे जमवेपर्यंत राजूचे डोळे थांबले नसते.

राजूने शेवटी अट घातली. डँडेनॉन्गच्या डोंगरावर त्याला घेऊन जायचं, गाडी वाटेत एकदाही बंद पडता कामा नये. पडली, तर पोर्तुगालचं नाव काढायचं नाही. ती नापास व्हावी म्हणूनच अट घातली होती, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. चित्रा म्हणाली, चालेल.

रविवारी निघालो. मी मागे बसले, देवाचं नाव घेत. अर्धा डोंगर झोकात चढलो. एका वळणावर, चांगल्या उभ्या चढावर, रस्त्याचं काम चाललं होतं आणि माणसाने थांबायची पाटी दाखवली. चित्रा थांबली. पाटी फिरली. तिने क्लच सोडला आणि गाडी बंद पडली.

पुन्हा चालू केली, पुन्हा बंद. या वेळी गाडी मागे घसरली. आमच्या मागे भला मोठा यूट, म्हणजे इकडचा पिकअप ट्रक, अगदी खेटून उभा होता. तिने हँडब्रेक ओढला. तिचे गाल ओले झाले होते. मी तोंड उघडणार होते, तेवढ्यात राजूने हात पुढे केला आणि दोघांच्या मधला हँडब्रेक घट्ट धरला.

"तू पायांकडे बघ," तो म्हणाला. "हा माझ्याकडे. सोडू का ते सांग."

तिने गाडी चालू केली. इंजिनाचा आवाज जड झाला.

"थांब," ती म्हणाली. मग म्हणाली, "सोड."

त्याने सोडला आणि गाडी एक इंचही मागे न जाता वर चढली.

 वर गेल्यावर चित्राने इंजिन बंद केलं आणि सरळ सांगितलं, की दोनदा बंद पडली, म्हणजे अटीप्रमाणे ती हरली. खोटं बोलून जिंकणारी ती नव्हेच. राजूचा हात अजून हँडब्रेकवर होता.

तो म्हणाला, "तिकिटं काढ. आणि गाडीवाल्यांना विचारून घे, हँडब्रेक दांडीचा आहे ना. बटणाचा असेल तर मी काय करू?"

तिने खरंच ईमेल करून विचारलं. जुन्यातली, दांडीचा हँडब्रेक असलेली गाडी तर आणखी स्वस्त निघाली.

मे महिन्यात गेले. एका संध्याकाळी मला फोन आला, तिकडे सकाळ होती. फोन चालूच ठेवून दोघं एका गावाचा चढ चढत होते. चित्रा म्हणाली, "सोड." इंजिन घरघरलं, मग थांबलं, दारं उघडली. बराच वेळ नुसता वारा ऐकू येत होता. मला राहवेना. मी ओरडले, अरे आहात ना.

"ताई," राजू म्हणाला, "समोर तट आहे. अगदी आपल्या रेवदंड्यासारखा, फक्त पडलेला नाही. मला कडेपर्यंत नाही दिसत. पण मी मान फिरवत फिरवत सगळा बघतोय."

मी फोन ठेवला आणि ढसाढसा रडले.