पुतणीने गाळलेली पानं

मोतीबिंदू काढल्यावर डॉक्टर म्हणाले, नवा चष्मा महिन्याभराने मिळेल, तोवर वाचायचा हट्ट धरू नका. मला वाईट वाटलं आणि घरच्यांना बरं वाटलं. वाचलेलं प्रत्येक पुस्तक मी जेवताना सगळ्यांना सांगत बसतो, त्यामुळे आमच्याकडे आमटी नेहमी गार होते. आता महिनाभर तरी गरम जेवू, असं बायको उघड म्हणाली. पण तेवढंही सुख तिला मिळालं नाही. शेजारीच राहणारी माझी पुतणी शाळेतून आली की मला कादंबरी वाचून दाखवायला लागली.

ती दहावीत आहे. वडील मुंबईला नोकरीला, त्यामुळे तिचे लाड आणि रागावणं ही दोन्ही खाती माझ्याकडे. त्यातलं दुसरं मला कधी जमलं नाही.

त्या दिवसांत पोरगी जरा गप्प असायची. आम्हाला वाटायचं, विज्ञान प्रदर्शनाचं मनाला लागलंय. तिने आणि तिच्या मैत्रिणीने मिळून वीजघराचं मॉडेल केलं होतं. वर पाण्याचा डबा, सलाईनची नळी, खाली पंखा, त्याला वीज तयार करणारी छोटी मोटर आणि शेवटी एक इवलासा दिवा. मैत्रिणीचे वडील पोफळीच्या खऱ्या वीजघरात कामाला, त्यामुळे वायरिंग तिचं. बाकी कापणं, चिकटवणं, रंगवणं आमच्या पोरीचं. प्रदर्शनात परीक्षकांसमोर पाणी सोडलं, पंखा गरगर फिरला आणि दिवा काही लागला नाही. वायरिंग कोणी केलं, असं सरांनी विचारलं. पुतणीने मैत्रिणीकडे बघितलं. झालं. वीजघरवाल्याच्या मुलीला दिवा लावता येईना, म्हणून शाळेत तिची टर उडाली. दहावीनंतर इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करायचा असं दोन वर्षं घोकणारी ती मुलगी, आपल्याला यातलं काही कळत नाही, आपण हे करायचं नाही, असं घरी सांगून मोकळी झाली.

तर कादंबरी. वसतिगृहात राहणारी पंधरा वर्षांची एक मुलगी. तिच्या हातून नळ उघडा राहतो, पाणी कोठीत शिरतं आणि सगळ्यांचं धान्य भिजतं. आळ येतो तिच्या खोलीतल्या मैत्रिणीवर. मैत्रिणीलाही वाटतं, आपणच विसरलो असू. नायिका फक्त गप्प राहते. इथे मी लेखिकेला मनापासून दाद दिली. खोटं बोलणारी माणसं पुस्तकांत खूप भेटतात, पण एकही खोटा शब्द न उच्चारता खोटं वागणारी मुलगी लिहायची, आणि ती वाचणाऱ्याला आवडतही राहिली पाहिजे, हे येरागबाळ्याचं काम नाही.

पण दुसऱ्या दिवशी ऐकतो तर नायिका एकदम शहाणी झालेली. अभ्यास काय करते, लहान मुलींना शिकवते काय. मी खवळलो. लेखिकेने इतकी छान मांडलेली गोष्ट अशी गुंडाळली कशी? मुलगी मोठी झाली, पण झाली कधी? यावर मी जेवताना चांगलं लांबलचक बोललो. पुतणी मान खाली घालून भात कालवत होती. मनातून मला वेगळीच भीती होती. वाचन चालू असताना मला डुलकी लागते, आणि नेमकं तेवढंच प्रकरण माझ्या डुलकीत गेलं असणार. म्हणून मी फार ताणलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती आली ती पुस्तक न उघडताच बसली.

"काका, मधली पानं मी वाचलीच नाहीत."

"मला वाटलं, मला झोप लागली होती."

"ती लागलेलीच होती. पण जागे असतात तरी मी वाचली नसती."

मग तिने ती पानं वाचली. नायिका मैत्रिणीच्या गावी जाऊन खरं सांगते. कोणी तिला जवळ घेत नाही, शाबासकी देत नाही. मैत्रिणीची आई नुसती धुणं पिळत राहते. तिथे पुतणीने पुस्तक मिटलं. मग म्हणाली, प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी मोटर कशी जोरात फिरते ते बघायला तिने ती इन्व्हर्टरच्या बॅटरीला जोडली होती. धूर निघाला. जळलेली मोटर पुसून तिने परत जागेवर बसवली.

हे कुणालाच कधी कळलं नसतं. मैत्रीण तर उलट हिचीच माफी मागून गेली होती. मी काकाला शोभेल असं काहीतरी शोधत होतो, तोवर पोरगी चपला घालून दारात उभी.

मैत्रीण राहते त्या अलोऱ्याच्या वीजघर कॉलनीत मी काळा चष्मा लावून तिच्या मागून चाललो होतो. तिला आधार द्यायला निघालो होतो, पण दर पायरीला तीच माझा हात धरत होती. मैत्रिणीच्या वडिलांशी जयभीम झाला, आम्ही दोघे व्हरांड्यात बसलो. दार उघडंच होतं. आत पुतणीने मैत्रिणीला उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, कुठेही सारवासारव न करता. मी आत जायला उठू लागलो, तर मैत्रिणीच्या वडिलांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बसा हो दादा. त्यांचं त्यांना बघू दे."

मग मैत्रिणीचा आवाज आला.

"म्हणजे माझं वायरिंग बरोबर होतं?"

"बरोबर होतं."

"सगळं?"

"सगळं."

"आणि मी तुझ्याकडे येऊन रडले, तेव्हा तू मला कोकम सरबत दिलंस."

"हो."

"उद्या सरांना सांग. वर्गासमोर सांग. मग बघू तुझ्याशी बोलायचं की नाही ते."

तिने सांगितलं. सर खूप बोलले. मुलं आता तिला फ्यूज म्हणतात, आणि तशी हाक मारली तर ती ओ देते. माझ्या या वयात कोणी मला असं नाव ठेवलं असतं तर मी गल्ली बदलली असती.

मैत्रीण अजून पहिल्यासारखी बोलत नाही. परवा तिचे वडील बाजारात भेटले, कपाळावर हात मारून सांगत होते की मुलीने घरातला अर्धा स्विचबोर्ड उघडून ठेवलाय आणि कुणाला बटणाला हात लावू देत नाही. तक्रार होती, पण सांगताना हसू काही आवरत नव्हतं.