चावी देवापाशीच राहील

सुलोचनाबाई रहांगडाले जन्मात कधी स्टिअरिंगला हात लावलेली बाई नव्हे. पण आमगावजवळच्या तिच्या गावात कुणाची सून अडली की लोक आधी तिलाच हाक मारायचे. नवरा भैय्यालाल जीप चालवायचा आणि मागच्या सीटवर त्या बाईचं डोकं मांडीवर घेऊन सुलोचनाबाई बसायची. आज गावात मिशा फुटलेली कितीतरी पोरं तिच्या मांडीवरून दवाखान्यात गेलेली. त्यातल्या एकाच्या आईनं कळांच्या भरात तिच्या मनगटाला कडकडून चावलं होतं. तो वण ती त्या पोराला अजून दाखवते.

घरी परतलं की तिचा एक नेम होता. हातपाय धुवायचे, जीपची चावी भिंतीतल्या देवळीत देवापाशी ठेवायची, तिला कुंकवाचं बोट लावायचं. जिनं माणूस नेलं आणि धड परत आणलं, तिची चावी खिळ्याला कशी टांगायची, असं तिचं म्हणणं.

२०१६ च्या पावसाळ्यानंतर नागपुरातल्या मुलानं, टिकेशनं, जुनी जीप विकायला लावली आणि आपली वापरलेली हायब्रीड गाडी बापाला आणून दिली. बॅटरीवर चालते, पेट्रोलवरही चालते, आवाज म्हणून नाही. चावी खिशात असली की दार आपोआप उघडतं, बटण दाबलं की चालू. गाव बघायला जमलं. भैय्यालालनं छपरीत, घराच्या भिंतीला नाक लावून ती उभी केली आणि दोन दिवस नुसता पुसत बसला.

तिसऱ्या सकाळी गाडी मेली. बटण दाबलं तर हूं नाही की चूं नाही. गल्लीतली माणसं सवयीनं धक्का द्यायला धावली, जीपला देत तसा. पण ही बया बटणाशिवाय गिअरच सोडेना. शेवटी ट्रॅक्टरच्या बॅटरीला वायर जोडून तिला उठवली. मग हे रोजचंच झालं. गोंदियाचा मेकॅनिक म्हणाला, मोठी बॅटरी ठणठणीत आहे, पण तिला जागं करणारी छोटी बॅटरी उतरते. छोटी बदलली. चार दिवसांत तीही उतरली. पुन्हा बदलली, पुन्हा तेच. वर तो म्हणतो कसा, "आप लोग गाड़ी चलाते कम हैं." सुलोचनाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गाडी घेतली ती चालवायला की मेकॅनिकला खूश करायला?

दिवाळीनंतर ती मंडईच्या जत्रेसाठी देवरीकडे माहेरी गेली. धान कापणीचे दिवस होते. भैय्यालाल संध्याकाळी जेवून पायीच खळ्यावर झोपायला जायचा, चावी बंडीच्या खिशात. गाडी रोज सकाळी एका बोटात चालू. आठवड्यानं सुलोचनाबाई परतली आणि दुसऱ्याच दिवशी गाडी पुन्हा मुडदा.

भैय्यालालचं डोकं फिरलं. समोरच्या प्रेमिलाच्या अंगणात चार बाया धान पाखडत होत्या. त्यांच्यादेखत तो बोलून गेला, "हे नव्हती तं गाडी चांगली चालू होती. हे आली आन् गाडी मेली."

तो बोलून मोकळा झाला, पण शब्द गावभर फिरले. प्रेमिलाच्या सुनेचे, रविताचे, दिवस भरत आले होते. प्रेमिलानं सूप खाली न ठेवताच सांगितलं, "बाई, राग मानू नोको. आमच्या रविताच्या टायमाले तू गाडीत नोको बसू. मी जाईन तिच्यासंगं."

सुलोचनाबाई घरात आली आणि चुलीपुढं बसून संतापानं रडली. हीच प्रेमिला रविताचा नवरा पोटात असताना जीपमध्ये तिच्या कमरेला मिठी मारून बसली होती. तेव्हा हा पायगुण कुठं गेला होता? आणि नवरा? इतकी वर्षं जिच्या जिवावर लोकांचे नमस्कार घेतले, तिलाच चारचौघींत पनवती ठरवून मोकळा. जीप बंद पडायची तेव्हा त्याला कधी बायको आठवली नाही, कार्बोरेटर आठवायचा.

रडून झाल्यावर ती विचार करू लागली. मी घरात असते तेव्हा असं काय होतं, जे मी नसताना होत नाही? दिवेलागणीला ती चावी घेऊन छपरीतून येत होती. तिची चाहूल लागताच गाडीचे मिटलेले आरसे उघडले. ती मागे सरली, आरसे मिटले. पुढं आली, उघडले. तिनं नवऱ्याला विचारलं.

"चावी जवळ आली का वळखते ते," भैय्यालाल म्हणाला.

सुलोचनाबाईनं रोज चावी ठेवायची त्या देवळीकडं पाहिलं. त्याच भिंतीच्या पलीकडं गाडीचं नाक टेकलेलं. म्हणजे ही गाडी रात्रभर चावीला ओळख देत जागी बसते काय?

ती कुणाला बोलली नाही. त्या रात्री देवाला हात जोडून तिनं चावी मागच्या धानाच्या खोलीत ठेवली. सकाळी गाडी चालू. चार दिवस तसंच केलं, चारही दिवस चालू. मग मुद्दाम देवापाशी ठेवली. गाडी मेली.

मग मात्र तिनं भैय्यालालला हाताला धरून प्रेमिलाच्या अंगणात नेलं आणि मेकॅनिकला फोन लावायला सांगितला, आवाज मोठा करून. तिच्या सांगण्यावरून भैय्यालालनं चावीचं विचारलं, तसा तो सहज म्हणाला, "हाँ, चाबी पास में पड़ी रहे तो गाड़ी सोती नहीं. बैटरी तो उतरेगी ही."

"मंग आधी काऊन नाही सांगितलं?" सुलोचनाबाई फोनवर वाकून म्हणाली.

"आपने पूछा ही नहीं, काकी."

"तुमी तरी इचारलं का, चावी कुठी ठेवता मनून? एकावर एक बॅटऱ्या बदलल्या. आमी चालवत नाही, हे मातर बिन इचारता सांगितलं."

फोन बंद झाला. भैय्यालाल खाली बघत म्हणाला, "चुकलो व मी. चारचौघींत बोललो, आता चारचौघींतच सांगतो. आजपासून चावी दुसरीकडं ठेवू."

"चावी कायले हालवाची? माह्या देवानं का केलं? चावी देवापाशीच राहील. तुमी गाडी हालवा."

गल्लीत गाडी मावेल अशी दुसरी जागा एकच होती, प्रेमिलाचं अंगण. प्रेमिलानं मान वर न करता सुपं उचलली आणि जागा करून दिली.

पंधरवडा गेला. एका दुपारी भैय्यालाल दारात विडी ओढत होता. प्रेमिला धावत आली, पायात चप्पल नाही. रविताला कळा लागल्या होत्या आणि गाडी तिच्याच अंगणात उभी होती. सुलोचनाबाई देवळीपुढं बसली होती. प्रेमिला उंबऱ्यात थबकली.

"बाई, चावी दे."

सुलोचनाबाईनं चावी उचलली, पण पुढं केली नाही.

"आन् मी?"

प्रेमिलाच्या डोळ्यांत पाणी आलं. "तू बी चाल ना व, माय. ते तुलेच बोलावून राहिली."

सुलोचनाबाईनं चावी भैय्यालालकडं फेकली, चुलीतली लाकडं ओढली आणि पदर खोचत अंगणाकडं निघाली. प्रेमिलानं तिच्यासाठी मागचं दार उघडून धरलं होतं.