बोलणं फुकट, दिसणं मोजून

"पयले तिकडं सलाम, मंग इकडं काम."

पांढरकवड्याला हायवेच्या कडेला चाचांचं ट्रकच्या सीटा शिवायचं दुकान होतं. कोणी ड्रायव्हर फाटकी सीट खांद्यावर घेऊन आत शिरला की चाचा हातातल्या दाभणानं भिंतीकडे दाखवायचे आणि हे वाक्य म्हणायचे. भिंतीवर खिळा, खिळ्याला तारेचा आकडा, आकड्यात मोबाईल, आणि मोबाईलमध्ये खाटेवर पडलेली चाची. ड्रायव्हर पंजाबचा असो की आदिलाबादचा, जरा गोंधळायचा आणि मुकाट मोबाईलला सलाम करायचा. चाची डावा हात थोडा वर करायची. मगच चाचा विचारायचे, "हं, बोला आता. स्पंज बदलायचा का नुसतं रेक्झिन?"

चाची तिकडे मुकुटबनला, घरी. लकव्यानं तिचं उजवं अंग गेलं आणि त्यासोबत बोलणंही गेलं. तिची धाकटी बहीण, जिला आम्ही सगळे खाला म्हणतो, तिचं सगळं करायची. चाचा इथे, कारण ट्रक इथे थांबतात. जुम्मेरातीला, म्हणजे गुरुवारी, संध्याकाळच्या एसटीनं घरी जायचे, जुम्म्याची नमाज तिकडे पढायचे आणि शनिवारी सकाळी दुकानात हजर. बाकीचे दिवस झोपणंही दुकानातच, स्पंजाच्या गठ्ठ्यावर.

माझं मोबाईलचं दुकान त्यांच्या बाजूला. मध्ये फक्त टिनाचा पत्रा. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला. बी.ए. झालो याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. दुकानाच्या पाटीवर नावापुढे पदवी रंगवून घेतली आहे. लोक हसले. चाचांनी मात्र पाटी वाचली त्या दिवसापासून मला नावानं हाक मारली नाही. "ओ ग्रॅज्युएट, जरा पाह्य ना इकडं, तुही चाची अटकली." अटकली म्हणजे नेट अटकलं.

तो व्हिडिओ कॉल पहिल्यांदा मीच लावून दिला होता. बोलणं झाल्यावर चाचांनी विचारलं, "आता कापू?"

"कायले कापता? राहू द्या चालू. अनलिमिटेड आहे."

"म्हंजे?"

"म्हंजे संपत नाही."

चाचा खळखळून हसले. "अल्लाच्या दुनियेत संपत नाई अशी चीज तुह्या कंपनीनं काढली का रे?"

तेव्हापासून तो कॉल सकाळी लागायचा आणि दुकानाचं शटर पडेपर्यंत चालायचा. तुम्हाला वाटेल, दिवसभर काय बोलत असतील? फारसं काहीच नाही. नवरा-बायको एका घरात असले म्हणजे तरी दिवसभर कुठे बोलतात? चाचा शिवत बसायचे, चाची बघत पडायची. मधूनच चाचा बडबडायचे, "पाह्यलं का, कसा बोलला तो? घरी बायको उभं करत नसन, अन् मले शिवणं शिकवून राह्यला."

रंग निवडायचं काम चाचीकडे होतं. चाचा रेक्झिनचे दोन तुकडे मोबाईलसमोर धरायचे, आणि ज्यावर तिचा हात उठेल तो रंग पक्का. तिला लाल आवडायचा.

"अहो चाचा, मले निळी सीट पाह्यजे," एक ड्रायव्हर एकदा काकुळतीला आला होता.

"मले काय सांगतं? तिले सांग."

ड्रायव्हर मोबाईलसमोर जाऊन उभा राहिला. चाची त्याच्याकडे टक लावून पाहत राहिली. त्यानं डोकं खाजवलं आणि म्हणाला, "बरं, लालच करा." हायवेवर एखाद्या जुन्या ट्रकात लाल सीट दिसली की मी अजूनही मान वळवून पाहतो.

पण खरं सांगायचं ते दुपारच्या जेवणाचं. चाची आजारानंतर जेवायलाच तयार नव्हती. खाला घास पुढे करायची, ती तोंड फिरवायची. मग चाचांनीच युक्ती काढली. मोबाईल आकड्यावरून काढून डब्यासमोर टेकवायचा, भाकरीचा तुकडा मोडायचा, वर धरायचा आणि म्हणायचं, "उचल." तिकडे खाला चाचीच्या ओठांशी घास न्यायची. दोघांचा घास एकदमच तोंडात जायचा. मग दुसरा. डबा संपेपर्यंत असं चालायचं. त्या वेळात कोणी गिऱ्हाईक आलं तर चाचा पाहायचेसुद्धा नाहीत. मीही पत्र्याआडून कोणाला हाक मारत नसे.

मग कंपनीनं तो प्लॅन बंद केला. माझ्या मोबाईलवर मेसेज आला तसा चाचांच्याही आला, पण तो वाचून दाखवायचं काम माझ्यावर आलं. आता रोजचा डेटा ठरलेला. तो संपला की नेट राहतं, पण मुंगीच्या चालीनं. सगळ्या कंपन्यांचं तेच. मोठा प्लॅन टाकून पाहिला, वरून जादाचा पॅक टाकून पाहिला. दिवसभराचा व्हिडिओ तोही गिळून टाकायचा. वायरचं नेट माझ्या दुकानापर्यंत आलं होतं, पण मुकुटबनच्या त्यांच्या गल्लीत कोणी वायर न्यायला तयार नव्हतं.

"म्हंजे संपते," चाचा म्हणाले.

"हो चाचा. आता संपते."

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी माझ्या लक्षात आलं की पत्र्यापलीकडून शिलाई मशीनचा आवाज येत नाही. जाऊन पाहिलं तर चाचा जाड रेक्झिन हातानं शिवत बसलेले. बोटाला चिंधी गुंडाळलेली. मोबाईल आकड्यात, कॉल चालू. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि मला हात धरून बाहेर आणलं.

"अंदर बोलू नको. नेट जाते."

"कसं काय?"

"अरे, मशीनची एवढी खडखड तिकडं मुकुटबनपर्यंत न्यायची म्हंजे किती वजन होते! म्हून मशीन बंद ठेवली. मी बी नाई बोलून राह्यलो तिच्यासंग. गिऱ्हाइकाले बी सांगतलं, सलाम करा पण मुक्यानं."

मी हसलो नाही. हसण्यासारखं होतं तरी. मी सांगितलं, "चाचा, आवाजाले फारसं काही लागत नाही. लागते ते चित्राले. चित्र सोडून साधा फोन लावला तर दिवसभर बोला, बोलणं अजूनही अनलिमिटेडच आहे."

चाचा बोटाची चिंधी सोडू लागले. मग म्हणाले, "बोलणं फुकट देते अन् दिसणं मोजून. अन् तिच्यापाशी बोलणंच नाई, ग्रॅज्युएट."

मी त्यांना आत नेऊन मशीनवर बसवलं.

मशीन पुन्हा सुरू झाली. मी त्यांना एक शिस्त लावून दिली. सकाळी नुसतं बोलायचं, व्हिडिओ लावायचाच नाही. सगळं नेट दुपारच्या जेवणासाठी राखायचं. सकाळभर चाचा रिकाम्या भिंतीकडे तोंड करून बोलत राहायचे, "ऐकून राह्यली ना? ऐकत जाय." पलीकडून खाला म्हणायची, "हां, ऐकून राह्यली." पण चाचांचं त्यावर समाधान होईना. खाला काय, हो म्हणणारच. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय राहवेना, आणि सकाळीच चारदा "जरासा" व्हिडिओ लागायचा.

एका दुपारी त्यांनी डबा उघडला, कॉल लावला, घास वर धरला आणि "उचल" म्हणाले. स्वतः खाल्लं. दुसरा घास, तिसरा घास. चाचीचं चित्र हलत नव्हतं, पण ती तशीही फार हलायची नाही, म्हणून त्यांना कळलं नाही. डबा संपला. मग खालाचा साधा फोन आला. मी तिथेच होतो. चाचांनी स्पीकर लावला.

"दुल्हेभाई, तुम्ही काहून नाई खाऊन राह्यले? घास हातातच धरून बसले कवाचे. आपा वाट पाहून राह्यली. मी किती म्हणलं, तोंड उघडतच नाई. म्हणत असन, ते खातीन तवा मी खाईन."

तिकडे चाचांचं चित्र थिजलं होतं. वर धरलेला घास, उघडलेलं तोंड. आणि इकडे चाचांच्या हातात रिकामा डबा.

चाचांनी फोन ठेवला. डबा धुतला नाही, तसाच पिशवीत टाकला. जुम्मेरात नव्हती, तरी शटर ओढलं. "ग्रॅज्युएट, आता मुकुटबनची एसटी कवा हाये?" एवढंच विचारलं. एका ड्रायव्हरची सीट अर्धी शिवून आत पडली होती, तिच्याबद्दल बोलले नाहीत. ती मीच नंतर दुसऱ्याकडून पुरी करून घेतली.

पुढच्या आठवड्यात टेम्पो आला आणि मशीन घेऊन गेला. मुकुटबनला ट्रकच्या सीटा कोण शिवतं? चाचा तिथे गाद्या, उशा, सायकलीच्या सीटांची कव्हरं, मिळेल ते शिवू लागले. मला कधी फोन केला की सांगायचे, "आता समोरासमोर बसतो. नेटची झंझटच नाई." बोलणं मजेचं असायचं. चाचीचं अंग मात्र दिवसेंदिवस उतरत गेलं. थंडी संपता संपता ती गेली.

मी दुसऱ्या दिवशी गेलो. अंगणात लोक बसून उठून गेले होते. घरात मशीन भिंतीला लावलेली, तिच्यावर लाल रेक्झिनचा तुकडा टाकलेला. खाट रिकामी, पण अजून उचलली नव्हती. खालानं शेजारच्या घरून आलेलं जेवण वाढलं आणि मला खूण केली, कालपासून चाचांनी काही घेतलं नाही, बघा तुमचं ऐकतात का.

आम्ही खाटेजवळच खाली बसलो. चाचांनी भाकरीचा तुकडा मोडला. सवयीनं वर धरला. खाटेकडे पाहिलं आणि हात तिथेच थांबला. वर धरलेला घास, उघडलेलं तोंड.

मी माझं ताट जवळ ओढलं. मग माझा घास मोडला, त्यांच्यासमोर वर धरला आणि म्हणालो, "चाचा, उचला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघांनी घास एकदमच तोंडात टाकला.