सरांचा अपुरा प्रश्न

डॉ. केशवराव काळबांडे सरांशी माझी पहिली ओळख झाली तीच रुसव्याने, आणि रुसलो अर्थातच मी होतो. नव्वदीच्या दशकात मी वर्ध्याच्या एका रुग्णालयात निवासी डॉक्टर म्हणून सरांच्या हाताखाली रुजू झालो. पहिल्याच राउंडला एका तापाच्या रुग्णासाठी मी लिहिलेल्या रॅनिटिडीन या ॲसिडिटीच्या गोळीवर सरांनी बोट ठेवले आणि ही कशासाठी, असे विचारले. प्रतिजैविकाबरोबर देतातच, असे मी म्हणालो. मला नका सांगू, रुग्णाला सांगा, असे सर शांतपणे म्हणाले. रुग्ण पवनारचे शेतकरी होते. पोट जळते का, असे मी त्यांना विचारले.

"नाई जी. पोटाले काईच नाई झालं. मले ताप आहे," ते म्हणाले.

वॉर्ड हसला. मी दोन दिवस सरांशी कामापुरतेच बोललो. त्यांच्या ते लक्षातही आले नसावे.

त्या काळी नवरीबरोबर पाठराखीण जावी तशी प्रत्येक औषधाबरोबर ॲसिडिटीची गोळी जात असे. वरचा लिहितो म्हणून खालचा लिही. विचार करायचे कष्ट कोणी घेत नसे. सरांनी मात्र दंडक घातला होता: ज्याने गोळी लिहिली त्याने खाटेशी उभे राहून रुग्णाला समजेल अशा शब्दांत कारण सांगायचे, सांगता आले नाही, तर आपल्याच हाताने ती खोडायची. सर कधी आवाज चढवत नसत. आम्हा पोरसवद्या डॉक्टरांनाही ते 'अहो' म्हणत, आणि त्या 'अहो'चाच धाक अधिक वाटे. पुढे आम्हाला या शिस्तीचा अभिमान वाटू लागला. दुसऱ्या युनिटच्या मुलांना आम्ही 'गोळीवाले' म्हणून चिडवत असू.

गिरजाबाई आल्या त्या याच दिवसांत. समुद्रपूरच्या वृद्ध बाई, हृदयविकारासाठी ॲस्पिरिन चालू, आणि गुडघे इतके दुखत की वेदनाशामक देणे भाग होते. डॉ. प्रशांत हा माझ्या मागच्या तुकडीतला अतिशय मेहनती मुलगा. घरी सोडताना त्याने ओमेप्राझोल ही ॲसिडिटीचीच गोळी लिहिली, मग सरांचा दंडक आठवून बाईंना विचारले. पोट जळत नाही, असे त्या म्हणाल्या. त्याने गोळी खोडली. ॲस्पिरिन आणि वेदनाशामक या दोन औषधांनी म्हाताऱ्या माणसाच्या पोटात, काही न दुखता-जळता, रक्तस्राव होऊ शकतो आणि ही गोळी त्यापासून जपते, हे पुस्तकात त्याने वाचले होते. पण राउंडला पुस्तक विचारले जात नव्हते, पोट जळते का, एवढेच विचारले जात होते. काही दिवसांनी बाईंना रक्ताच्या उलट्या होत असताना परत आणले. त्या वाचल्या नाहीत.

प्रशांतने राजीनामा लिहून आणला. सरांनी तो वाचलाही नाही. त्याला पिपरी मेघे या गावातल्या आपल्या घरी नेले, समोर बसवून जेवू घातले आणि सांगितले, "चूक तुमच्या हातून झाली, पण ती मी शिकवलेली होती. गोळी का दिली, हे मी रोज विचारले. का नाही दिली, हे एकदाही विचारले नाही."

मग सर मला बरोबर घेऊन एसटीने समुद्रपूरला गेले. गिरजाबाईंच्या मुलासमोर त्यांनी काही न लपवता सारे सांगितले. प्रशांतचे नाव तेवढे घेतले नाही.

"आता सांगून काय फायदा जी?" मुलगा म्हणाला. "तवाच एक गोळी देली असती, त माय असती माही."

सरांनी मान खाली घातली. मुलगा आम्हाला बसपर्यंत सोडायला आला.

त्यानंतर सर राउंडला दोन्ही प्रश्न विचारू लागले. पण भ्यालेल्या मुलांनी एवढाच बोध घेतला की गोळी लिहून कोणी फसत नाही, न लिहून फसतो. पुन्हा तापाला गोळी, खोकल्याला गोळी. एकदा सरांनी कारण विचारले, तेव्हा एका निवासी डॉक्टरने उत्तर दिले, "सर, गिरजाबाई." सर पुढच्या खाटेकडे गेले. अनेक वर्षांची मेहनत त्या एका नावापुढे संपली, याचे मला आजही फार वाईट वाटते. आज त्या विभागात गिरजाबाई कोणाला ठाऊक नाहीत. गोळी मात्र सर्वांना मिळते.

सरांनी पंचाहत्तरी गाठली आहे. त्यानिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाला त्यांचा नकारच होता. गिरजाबाईंची हकीकत छापणार असाल तर छापा, असे ते म्हणाले, म्हणून ती लिहिली. सर, तुमच्याकडून शिकलेल्यांच्या हातून किती माणसे धडधाकट घरी गेली, हे तुम्ही कधी मनावर घेतले नाही. न गेलेली एक तेवढी जवळ ठेवली. तुम्हाला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, आणि त्यातली एखादी सकाळ तरी अशी उजाडो, की त्या दिवशी तुम्ही स्वतःला माफ केलेले असेल.